मारितचं स्वारगेट

मारितच्या बहिणीचा मेसेज आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ऑपरेशननंतर मारित शुद्धीवर न येताच गेली, एवढंच त्यात होतं. आदल्या आठवड्यात आम्ही व्हिडिओ कॉलवर बोललो होतो. नॉर्वेतल्या त्या हॉस्पिटलची पांढरी उशी, तिच्यावर मारितचं बारीक झालेलं तोंड, आणि तिचा तो सपाट, चढउतार नसलेला आवाज. ती म्हणाली, "मले भेव लागून रायलं." मला भीती वाटतेय. मी ओठ नीट हलवत म्हटलं, "मलेही."

नॉर्वेच्या बाईला हे असलं वऱ्हाडी मराठी कुणी शिकवलं? तर मी. लग्नानंतर मी यवतमाळहून पुण्यात आले. नवरा सॉफ्टवेअर कंपनीत. बिबवेवाडीत फ्लॅट घेतला, मुलगी शाळेत जायला लागली आणि कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं. त्या वर्षांत आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांत हेच चाललं होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? मला पुण्याची भीती वाटायची. वाहनांची वाटायचीच, पण बोलायचीही वाटायची. खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंना मी एकदा सहज विचारलं, "काकू, काय करून राहिल्या?" त्या शांतपणे म्हणाल्या, "सध्या तरी जगून राहिले आहे." तेव्हापासून मी दुकानात बोटाने वस्तू दाखवायला लागले.

अशात कर्वेनगरच्या एका शाळेत, कर्णबधिर मुलांना शिकवायला, एक परदेशी बाई स्वयंसेवक म्हणून येणार असल्याचं कळलं. शाळेजवळ तिला कुणी खोली देईना. मला सोबत होईल म्हणून नवऱ्याने फोनवरूनच होकार कळवून टाकला. तिला स्वतःलाही ऐकू येत नाही, हे मला ती बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हा समजलं. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. बोलता येत होतं, आणि समोरच्याच्या ओठांवरून ती शब्द ओळखायची. कुलकर्णी काकूंनी नाव ऐकलं आणि विचारलं, "मारित? कुणाला मारीत?" मी हसले नाही. मला धडकीच भरली होती. ही पडली, हरवली, गाडीखाली आली तर मी कुणाला काय तोंड दाखवू?

ती माझ्याहून जास्त घाबरलेली आहे, हे कळायला फार दिवस लागले नाहीत. बादलीतल्या पाण्याने अंघोळ, जेवणातलं तिखट, घरात डोकावणारी माणसं, हे सगळं तिने निमूटपणे अंगवळणी पाडून घेतलं. पण दिवे गेले की ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची. अंधारात ओठ दिसत नाहीत, म्हणजे जगात कुणीच बोलत नाही. मी टॉर्च स्वतःच्या तोंडावर धरायचे आणि काहीबाही बोलत राहायचे. तोंडल्याची भाजी, आईचं दुखणं, यवतमाळचा उन्हाळा. तिला अर्धंही कळत नसेल, पण तिची नजर माझ्या ओठांवरून हलायची नाही. मराठी ती अशी शिकली. माझं बोलणं वऱ्हाडी आहे की पुणेरी, याच्याशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. तिच्याशी बोलता बोलता मी पुन्हा मोकळेपणाने बोलायला लागले...

रस्त्याचं मात्र तिला जमेना. पहिल्या दिवशी स्वारगेटहून परत आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. "मागून काय येतंय ते मला समजत नाही," ती तेव्हा इंग्रजीत म्हणाली, "आणि इथे सगळं मागून येतं." खरंच होतं ते. इथला रस्ता माणसं कानांनी ओलांडतात, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग मुलगी शाळेत गेली की मी तिला स्वारगेटला कर्वेनगरच्या बसपर्यंत सोडायला जाऊ लागले, आणि संध्याकाळी आणायला. चौकात पोलिसाने हात दाखवला आणि सगळा घोळका निघाला की त्याच्या मधोमध राहून आम्ही रस्ता ओलांडायचो. तिचं कोपर मी घट्ट धरलेलं असायचं. तिला वाटायचं मी तिला नेते आहे. मी तिला धरून स्वतःला नेत होते.

एकदा मुलीला ताप होता म्हणून मी आणायला गेले नाही. अंधार पडायला आला तरी मारित घरी नाही. मोबाइलवर मेसेज पाठवले, उत्तर नाही. मुलीला कुलकर्णी काकूंजवळ ठेवलं. त्या इतकंच म्हणाल्या, "रिक्षाने जा. आणि तुम्हीही परत या." स्वारगेटला वीज गेली होती, सिग्नल बंद, पोलीस कुठे दिसत नव्हता. बस, रिक्षा, टेम्पो जिकडून वाट मिळेल तिकडून घुसत होते. त्या सगळ्याच्या मधोमध, दुभाजकावर, मारित उभी होती. पिशवी छातीशी धरलेली, डोळे मिटलेले. किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. हाक मारून उपयोग नव्हता. पदर हलवून काय दिसणार? पुढे घोळका नाही, धरायला कुणाचं कोपर नाही. मुलगी डोळ्यांपुढे आली आणि मी दोनदा मागे सरले. मग एका बसने वेग कमी केला आणि मी निघाले. मधे काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. दुभाजकाला हात लागला तेव्हा एक चप्पल पायात नव्हती.

मी तिच्या दंडाला हात लावला आणि तिने मला मारलं. पिशवीने, जिवाच्या आकांताने, डोळे न उघडता. मग डोळे उघडले. मला पाहून ती ओरडलीही नाही, रडलीही नाही. वाकून ती माझ्या तोंडाजवळ आली आणि म्हणाली, "आवाज कमी झाला की सांग." आम्ही उभ्या राहिलो. मी ऐकत होते, ती माझ्या ओठांकडे बघत होती. केव्हा तरी मी म्हटलं, "चाल." आणि आम्ही धावलो.

घरी येऊन तिने बॅग भरली. परत जायचं तिकीट बदलते म्हणाली. मी थांब म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार? सकाळी ती बूट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभी. "उद्याही भीती वाटेल," ती म्हणाली, "पण आज मुलांची परीक्षा आहे. येतेस?" ती दोन वर्षं राहिली. भीती काही गेली नाही, तिचीही नाही आणि माझीही. चौक आला की तिची बोटं गार पडायची, मी तिचं कोपर धरायचे, आणि आम्ही रस्ता ओलांडायचो.

ती नॉर्वेला परत गेल्यावरही आमच्या घरात तिची एक सवय राहिली. तिला बोलवायचं तर आम्ही फरशीवर पाय आपटायचो. हादरा तिच्या तळव्यांना कळायचा आणि ती वळून बघायची. पुढे मुलगी मोठी झाली, नवरा कायमचा परत आला, तरी जेवायला बोलवायचं तर मी पायच आपटते. कुलकर्णी काकूंनी जिन्यात ऐकवलंही होतं, "खालीही माणसंच राहतात." मेसेज आल्यापासून मात्र माझ्या हातून ते होईना. परवा काकू जिना चढून वर आल्या. आता त्यांचं बरंच वय झालं आहे. "बरेच दिवस वरून आवाज नाही," त्या म्हणाल्या. मी मारितचं सांगितलं. त्या बसल्या, पाणी प्यायल्या, मारितच्या बंद खोलीच्या दाराकडे बघत राहिल्या. निघताना म्हणाल्या, "तुमच्या आपटण्यावर माझी संध्याकाळची गोळी असते. चुकते आहे."

संध्याकाळी मी खोलीचं दार उघडलं. पाय उचलला आणि मला भीती वाटली... कुणी वळून बघणार नव्हतं. मग आपटला.