अक्का हसली त्या दिवशी

अक्का गेल्याचं भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी यवतमाळला ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. डबा तसाच बंद केला, दारव्ह्याची जीप धरली... आणि वाटभर मला तिचा आजार आठवायच्या ऐवजी तिचं तोंडावर पदर धरून हसणंच आठवत राहिलं. माझी ही थोरली बहीण लहानपणी खदखदून हसायची, इतकी की आई ओरडायची. पदर नंतर आला. तो का आला हे तिच्याइतकंच मलाही ठाऊक होतं, म्हणून महिना उलटला तरी तिच्यावर लिहायला बसलो की लाज वाटते.

भाऊजी काविळीनं गेले, ती कपाशीची वाईट वर्षं होती. त्या काळात आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरी माणूस गेला, की बसायला येणारा आवाज खाली करून विचारायचा, "कशानं?" अक्का सांगायची, कावीळ. समोरचा मान हलवायचा, पण त्याला पटायचं नाही; त्याच्या मनात फवारणीचं औषधच असायचं. त्यातच, तेरवीच्या आधी, घरची शेळी व्याली. दोन पिल्लांतलं एक इतकं मरतुकडं, की उभंही राहीना, आचळ तोंडात धरीना. अक्का कोपऱ्यातून उठली. पोराची लहानपणीची बाटली शोधून काढली, तिच्यात शेळीचं कोमट दूध भरलं आणि मला म्हणाली, "बापू, तू आधी बोट चाटव त्याले. मंग बोटाच्या बाजूनं हळूच निपल सरकव." पिल्लू बोट चोखायचं, निपल आलं की तोंड फिरवायचं. सगळं दूध माझ्या शर्टावर. शेवटी अक्कानं, शेळी चाटते तसं, ओल्या फडक्यानं त्याच्या शेपटीखाली चोळायला घेतलं, आणि एकाएकी त्यानं निपल असं काही ओढलं की बाटली माझ्या हातून सुटता सुटता राहिली. शेपटी तर थांबेचना. आम्ही दोघंही पोट धरधरून हसलो, लहानपणी हसायचो तसे.

दारात बसायला आलेल्या बाया उभ्या होत्या. त्यांतली एक परत जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "तेरवी नाई झाली, अन् बाई हासून राह्यली. मानूस कशानं गेला, ते आता समजलं." मी तिथंच होतो. मीही हसलो होतो, भाऊजींना दवाखान्यात मीच नेलं होतं, एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी उठून हात धुवायला गेलो. ते बोलणं गावात पुढं कितीतरी वर्षं फिरत राहिलं. अक्कानं शेळ्या वाढवल्या, पोराचं लग्न केलं, पण हसू आलं की पदर तोंडावर. एकदाच, मला चहा देताना तिनं विचारलं होतं, "बापू, तू बी हासलाच होता ना रे?" रागानं नाही, आपली खात्री करून घ्यावी तसं. मी म्हटलं, चहात साखर कमी आहे.

तिच्या तेरवीच्या आदल्या दिवशी मी अंगणात बसलो होतो. समोर तिची सून एका अशक्त पिल्लाला मांडीवर घेऊन दूध पाजत होती. बाटली तीच, अंगावरचे आकडे पार पुसून गेलेली, निपल तेवढं नवं. पिल्लू तोंड फिरवत होतं. सुनेनं ओलं फडकं घेतलं, सासूनं शिकवलं तसं चोळलं, आणि शेपटी सुरू झाली. सुनेला हसू फुटलं. पण ओसरीवर माणसं बसलेली दिसताच तिनं झटकन पदर तोंडावर धरला, अगदी अक्कासारखा.

मग मीच हसलो. मोठ्यानं, एकटाच. ओसरीवरची माणसं माना वळवून माझ्याकडे बघायला लागली... त्या दिवशीही मी एवढ्याच मोठ्यानं हसलो होतो. तेव्हा माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं.