बोटाचं काम

“बोटाचं काम हाय, बाई. डोस्क्याचं न्हाई.”

सुईत दोरा ओवायचा असो की मोबाइलचं कुलूप उघडायचं असो, आमच्या शेजारच्या मावशी हेच म्हणायच्या. म्हणताना अंगठ्यावर बोटं अशी फिरवायच्या, की हवेतच शेवई वळतायत असं वाटावं. असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याला काहीच अवघड वाटत नाही आणि आपल्याला उगाच त्याचा थोडा राग येतो.

मावशी मूळच्या देवगाव फाट्याकडच्या. शेत बटईनं दिलेलं, मुलगा-सून पुण्यात आणि परभणीच्या घरात या एकट्या. मी शाळेत शिकवते म्हणून मला ‘बाई’ म्हणायच्या. एकटेपणाबद्दल त्यांची कधी तक्रार नसे. मनाला लागलेली गोष्ट एकच, त्यांची नात.

गेल्या वर्षीच्या सुट्टीत ती सात वर्षांची पोर महिनाभर राहायला आली आणि दोन-चार दिवसांतच बापाला बोलावून परत गेली. मावशींनी धपाटे केले, शेवया केल्या. तिनं ताट सरकवलं. तिला नूडल्स हव्या होत्या, त्याही काड्यांनी खायला.

“पोरगी माझ्या घरात उपाशी राह्यली, बाई,” मावशी मला म्हणाल्या. तेव्हा त्यांची बोटं गप्प होती. मला फार वाईट वाटलं.

हिवाळ्यात वसमत रोडवर नूडल्सचं हॉटेल उघडलं. पुण्यात ज्याच्या चार शाखा असतात, त्यातलं. दुसऱ्याच दिवशी मावशी पदर खोचून माझ्या दारात.

“चला. मला काड्यानं खायला शिकायचंय. उन्हाळ्यात तिला तिथंच नेते. तिच्यासारखं खाल्लं की मंग कशाला पळती ती?”

वाफाळते वाडगे समोर आले. मावशींनी एक नूडल बोटानं उचलून उजेडात धरली. “मशिनीवरल्या हायत,” असा निकाल देऊन त्यांनी काउंटरवरच्या मुलीला हाक मारली, “गुळवणी हाय का गं?”

आमच्याकडे शेवयांवर गुळाचं पाणी आणि तूप घातल्याशिवाय पाहुण्याला ताट देत नाहीत. त्या बिचारीनं बराच विचार केला आणि गोड सॉसची वाटी आणून ठेवली. मावशींनी चाखून पाहिलं.

“गोड करायलेत का तिखट, ह्यांचं ठरंना झालंय. पर वाईट न्हाई.” आणि सगळी वाटी संपवली.

त्या दिवशी चार नूडल्स तोंडात गेल्या, बाकीच्या पदरावर. मी आपली काट्यानं खाऊन मोकळी झाले होते. मावशींनी मात्र काड्या धुऊन घरी नेल्या आणि सराव सुरू केला. दुपारी ओट्यावर बसून एका परातीतले शेंगदाणे काड्यांनी उचलून दुसऱ्या परातीत टाकायचे. बायका चेष्टा करायच्या, “मावशी, आता भाकर बी काड्यानंच थापताव का?”

“थापीन की!”

शेंगदाण्यावरून त्या साबुदाण्यावर आल्या. पहिला दाणा उचलला तेव्हा मला हाक मारून दाखवला. इतका आनंद मी बोर्डाचा निकाल लागल्यावरही कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

मे महिन्यात नात आली. आम्ही तिघी हॉटेलात गेलो. पोरीनं ऐटीत काड्या धरल्या, नूडल्स उचलल्या आणि त्या निसटल्या. पुन्हा उचलल्या, पुन्हा निसटल्या. तिच्या घरच्या काड्या लहान मुलांच्या, वरून चिमट्यासारख्या जोडलेल्या. या तर दोन सुट्या.

“मला येतं. खरंच येतं,” ती म्हणाली आणि आजूबाजूच्या टेबलांकडे बघायला लागली. डोळे भरलेले.

तोवर मावशींच्या काड्यांत नूडल्सचा झोकात धरलेला घोस अर्ध्यावर आला होता. मी पाहत होते. मावशींनी नातीकडे पाहिलं आणि तो घोस वाडग्यात पडू दिला.

“मला बी जमंना गं,” त्या म्हणाल्या. काड्या बाजूला ठेवल्या आणि पाची बोटं वाडग्यात घातली. “आपण हातानं खाऊ. बोटाचं काम हाय, डोस्क्याचं न्हाई.”

पोरीनं क्षणभर आजीकडे पाहिलं, मग तिनंही हात घातला. दोघींच्या हनुवटीवरून, कोपरावरून रस गळत होता आणि पोरगी खिदळत होती. मीही काटा खाली ठेवला. एवढा हिवाळाभराचा सराव, आणि मावशींनी तो असा सोडून दिला! मला भरून आलं. मी नुसती खात राहिले.

ती सुट्टी संपेपर्यंत राहिली. धपाटेही खाल्ले. जाताना आजीचा हात सोडेना, म्हणून मावशीही पुण्याला गेल्या, त्या अजून तिकडेच आहेत. शेजारच्या दाराला कुलूप आहे. दुपारी परातीतला तो टणटण आवाज येत नाही, तेव्हा मला करमत नाही.

परवा व्हिडिओ कॉल आला. पुण्यातल्या शाखेतून. तसलेच वाडगे, तसलीच टेबलं. नातीच्या हातात दोन सुट्या काड्या होत्या.

“काकू, मला जमलं! आता मी आजीला शिकवतेय. आजी, असं धर. बोटाचं काम आहे, डोक्याचं नाही!”

मागे मावशी अगदी मन लावून बसल्या होत्या. त्यांनी एक नूडल उचलली, तोंडापर्यंत नेली आणि अलगद सोडून दिली.

“न्हाई जमत बग,” त्या म्हणाल्या. “परत दाखव बरं.”