अंधारात न उजळणारं घड्याळ

नाटकातल्या महालाला पाया नसतो. तो वरून खाली येतो आणि काम झालं की निमूटपणे वर निघून जातो. प्रेक्षक खांब बघतात, कमानी बघतात, खिडकीतला रंगवलेला चंद्र बघतात. तो अख्खा महाल दोन हातांवर तोलून विंगेतल्या काळोखात जो माणूस उभा असतो, तो कुणालाच दिसत नाही. दिसू नये, हीच त्याची कला.

त्या नाटकगृहात ही कला ज्यांनी जन्मभर केली त्यांना सगळे दोरीकाका म्हणत. छताजवळच्या कप्प्यांच्या चाकांवरून जाडजूड दोऱ्या खाली आलेल्या. खाली भिंतीलगत एक आडवा कठडा, त्यावर लोखंडी खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीला आठाच्या आकड्यासारखी गुंडाळलेली एकेक दोरी. कुठली ओढली की जंगल वर जातं आणि कुठली सैल सोडली की बाजारपेठ खाली उतरते, हे काकांच्या तळव्यांना पाठ होतं. पाठ असायलाच हवं. प्रवेश बदलतो तेव्हा रंगमंचावर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार असतो.

अशा या काकांच्या हृदयाने एके दिवशी घरीच, चहाचा कप हातात असताना, अवेळी पडदा पाडायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी तो वेळीच अडवला. हृदयाच्या नळीत एक बारीकशी जाळी बसवली आणि काकांना सक्तीने झोपवून ठेवलं.

बरे होऊन काका नाटकगृहात आले तेव्हा बाईंनी त्यांच्यासाठी प्रवेशदाराशी खुर्ची मांडून ठेवली होती. बाई म्हणजे नाटकमंडळीच्या मालकीण, दिग्दर्शिका आणि वेळ पडली तर स्वतः नायिका. काकांनी तिकिटं फाडायची, लोकांना हसून आत सोडायचं, एवढंच काम. खुर्चीवर उशीसुद्धा होती. काका एक प्रयोग त्या उशीवर बसले. आत महाल वर जायची वेळ झाली आणि भिंतीपलीकडून कप्प्यांची कुरकुर ऐकू आली. दोरीवर उंच्या होता. हा काकांचा जोडीदार, दोन मुलांचा बाप, ताडमाड आणि ताकदवान, पण हात हिसक्याचा. महाल हिसके खात वर चालला होता. काकांना वाटलं, कुणीतरी आपल्याच बरगड्या धरून ओढतंय. ते उठले आणि पुन्हा त्या खुर्चीवर बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांपुढे जाऊन उभे राहिले. मला दोरी हवी, त्यासाठी काय करू ते सांगा, म्हणाले. डॉक्टरांनी आधी डोकं खाजवलं, मग रस्ता सांगितला. चालायला लागा. मग जिने चढा. मग थोडं थोडं वजन ओढा. आणि नाडी मोजणारं चांगलं घड्याळ घ्या. ठरवलेली मर्यादा ओलांडली की ते इशारा देईल, आणि इशारा दिला की तुम्ही थांबायचं. यातलं शेवटचं वाक्य काकांच्या कानापर्यंत पोचलं, पण आत काही उतरलं नाही. त्यांनी एवढंच ध्यानात धरलं की घड्याळाने इशारा देता कामा नये.

बाईंनी ऐकून घेतलं. रंगीत तालमीला दोरी धरा, म्हणाल्या. जमलं तर दोरी तुमची, नाही जमलं तर खुर्ची. "फक्त माझ्याशी खोटं बोलायचं नाही, काका."

घड्याळाच्या दुकानात काका काकूंना घेऊन गेले. काकूंनी आल्या आल्या एक नाजूक, सोनेरी पट्ट्याचं पसंत केलं. काकांनी ते उलटंपालटं केलं आणि पिशवीतून हातभर दोरीचा तुकडा काढून घड्याळाच्या काचेवर घासायला सुरुवात केली. काउंटरमागची मुलगी आ वासून बघत राहिली. रागवावं की हसावं, हे तिला ठरवता येईना.

"काका, ते दाखवायला ठेवलेलं आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच दाखवतोय त्याला, पुढे काय वाढून ठेवलंय ते."

मुलगी हसली. मग मात्र तिने मन लावून विचारलं की नक्की काम काय आहे. काकांनी सांगितलं: धूळ, घाम, काथ्याची दोरी, आणि मनगट सतत खुंट्यांवर आपटणार. तिने खालच्या कप्प्यातून एक दणकट घड्याळ काढलं. काळ्या धातूचं, चांगलं जाडजूड. काचेभोवतीची कड किंचित उंच, म्हणजे दोरी घासली तर कडेला घासेल, काचेला नाही. बाजूला खरीखुरी बटणं, म्हणजे हात घामेजले तरी चालणार. बॅटरी अशी की आठवडाभर चार्ज करायचं विसरलात तरी रुसणार नाही.

"हे डोंगर चढणाऱ्यांचं आहे. आपटा, बुडवा, चिखलात लोळवा."

"मला डोंगर नाही चढायचा. महाल वर न्यायचाय."

मुलीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी शांतपणे मान डोलावली. "बरोबर सांगतायत ते. रोज नेतात."

किंमत ऐकून काकूंच्या भुवया पार कपाळाला चिकटल्या. एवढ्या पैशांत आणलेल्या घड्याळाने निदान सकाळचा चहा तरी करावा, असं त्यांचं म्हणणं पडलं. काकांनी त्यांना बाजूला घेतलं. त्यांचा स्वर बदललेला होता. "अगं, स्वस्तातलं घेतलं आणि नेमकं वेळेला मुकं झालं तर? माझा जीव त्याच्या भरवशावर आहे." यावर काकूंनी स्वतःच पर्स उघडली. काका बटणं दाबून बघण्यात रमले आणि मुलगी घड्याळ कसं चालतं ते समजावू लागली. ऐकणाऱ्या एकट्या काकू होत्या.

मग काकांनी कंबर कसली. पहाटे चालणं, नंतर नाटकगृहाचा मागचा जिना, नंतर गच्चीवरच्या आडव्या पाइपावरून दोरी टाकून तिला बांधलेली वाळूची पिशवी. घड्याळ आंघोळीला सोबत, भाजी चिरताना सोबत, झोपेतही सोबत. पहिल्या जिन्यालाच थरथरून इशारा द्यायचं, तेव्हा काका शिवी गिळून पायरीवर बसायचे. हळूहळू ते दुसऱ्या मजल्यापर्यंत गप्प राहू लागलं, मग तिसऱ्या. एकदा वाळूची पिशवी ओढत असताना त्याने विचारलं, आपण होडी वल्हवत आहात का? काकूंनी वाकून वाचलं आणि म्हणाल्या, "हो म्हणा. बिचाऱ्याला तेवढंच बरं वाटेल."

रंगीत तालमीचा दिवस आला. काकांनी महालाची दोरी खुंटीवरून सोडवली. दिवे गेले. काकांनी डावा हात वर टाकला आणि घड्याळ लख्ख उजळलं. हात खाली आला, विझलं. पुन्हा वर, पुन्हा लख्ख. मनगट तोंडासमोर आलं की माणसाला वेळ बघायची आहे, असं घड्याळ समजायचं. दोरी ओढणाऱ्याचं मनगट तर दर ओढीला तोंडासमोर येतं. मिट्ट काळोखात एक निळसर ठिपका वर-खाली नाचू लागला.

रंगमंचावरून बाईंचा आवाज आला. "विंगेत काजवे कुणी पाळलेत?"

सगळे हसले. काकांना मात्र तोंड लपवायला जागा उरली नाही. विंगेत काही चमकू द्यायचं नाही, हा नियम त्यांनीच इतकी वर्षं राबवलेला. नट्यांच्या बांगड्या, कुणाची विजेरी, एकदा तर साक्षात महाराजांची अंगठी त्यांनी झाकायला लावली होती. त्यावर तिथे औषधही एकच, काळी चिकटपट्टी. काकांनी घड्याळाच्या काचेवर पट्टी मारली. तरी मनगटाच्या कडेने हिरवा उजेड झिरपतच होता, कारण घड्याळाच्या पाठीवर बारीक हिरवे दिवे लुकलुकत होते. काकांनी घड्याळ काढलं, पाठीवरही पट्टी मारली, दाबून बसवली आणि दोरीला हात घातला.

महाल लोण्यातून सुरी जावी तसा वर गेला. पुन्हा खाली, पुन्हा वर, सबंध तालीमभर. घड्याळाने एकदाही इशारा दिला नाही. उंच्याने खांद्यावर थाप मारली. बाई म्हणाल्या, दोरी तुमची. काका घरी आले ते जमिनीपासून चार बोटं वरूनच.

काकू घड्याळावरची चिकटपट्टी सोलत बसल्या. काच मोकळी केली, मग घड्याळ उलटं केलं, आणि त्यांचा हात थबकला.

"अहो, हे मागचं कुणी झाकलं?"

"मीच. उजेड येत होता."

"हा हिरवा दिवा म्हणजे त्याचा डोळा आहे. याच्यानेच ते नाडी बघतं, त्या मुलीने सांगितलं होतं. तुम्ही त्याचे डोळे बांधलेत आणि मला येऊन सांगताय, त्याने काही वाईट पाहिलं नाही?"

काकांनी घड्याळावरचा आलेख उघडला. सकाळचं चालणं होतं, जिना होता, आणि तालमीच्या जागी नुसती रिकामी फट. शेवटच्या ओढीला कानात शिट्ट्या वाजल्या होत्या. त्यांना वाटलं होतं, आनंदाने वाजतायत.

त्या घरात दोन माणसं आणि एक घड्याळ यांच्याखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प राहिलं असतं तर दोरी काकांचीच होती. पण सकाळी चप्पल पायात सरकवून काका बाईंच्या दारात गेले, आणि कालची तालीम धरू नका, असं सांगून सगळी हकिगत सांगून मोकळे झाले.

"मग आता?" बाईंनी विचारलं.

"आता नीट करून येतो."

दुकानातल्या मुलीला आधी काकूंनी सांगितलं, मग काकांनी, मग दोघांनी मिळून. हे घड्याळ बदलून दुसरं घ्यावं का, असं काकांनी पडेल चेहऱ्याने विचारलं. मुलगी म्हणाली, घड्याळ अगदी योग्य घेतलंत. तिने एक बटण दाबून दाखवलं. एवढं केलं की हात कितीही उचला, काच काळीच राहणार. इशारा येईल तो फक्त कातडीला कळेल. आणि मनगटाऐवजी दंडावर बांधलं तर दोरीपासूनही लांब राहील. तिने त्यासाठी लांब पट्टा काढून दिला आणि दोघांसमोर दंडावरची नाडी लागते का, तेही तपासून घेतलं. हिरव्या उजेडाचं काय करायचं, हे काकूंनी कुणाला विचारलं नाही. घरी येऊन त्यांनी जाड काळ्या कापडाची दुहेरी बाही शिवली, घड्याळावरून अशी चढवली की ठिपकासुद्धा बाहेर येणार नाही.

प्रयोगाला नाटकगृह खचाखच भरलं होतं. काका कठड्याशी उभे, पाठीशी उंच्या. महालाचा प्रवेश संपला, दिवे गेले. यानंतर बाई रिकाम्या रंगमंचावर एकट्या, हातात कंदील घेऊन येणार. महाल त्याआधी वर गेलाच पाहिजे. काकांनी दोरी धरली. काळोख काळोखच राहिला. हातावर हात पडत गेले आणि महाल जमिनीवरून उठला, गुडघ्याएवढा, छातीएवढा, डोक्याएवढा.

आणि दंडावर थरथर झाली.

आता अर्धाच राहिलाय, काकांच्या मनात आलं. चार ओढी. फार तर पाच. नाटकगृह श्वास रोखून बसलेलं, समोर बाई कंदील पदराआड धरून उभ्या, आणि जन्मात कधी अर्ध्यावर न सोडलेली दोरी मुठीत. दंड पुन्हा थरथरला. डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य आत्ता कुठे काकांच्या आत उतरलं. घड्याळ गप्प राहावं म्हणून ते घेतलेलं नव्हतं. ते बोललं की ऐकायचं, त्यासाठी घेतलं होतं.

काकांनी दोरी खुंटीला दोन वेढे मारून अडकवली आणि हात काढून घेतले. "उंच्या, घे," ते कुजबुजले.

उंच्या पुढे सरकला. पहिल्याच ओढीला वर खांब डगमगले.

"हिसका नको. श्वासाबरोबर ओढ. घे… सोड. घे… सोड."

काका भिंतीला टेकून, डोळे मिटून, स्वतःच्याच श्वासाला ताल देत राहिले आणि उंच्याचे हात त्या तालावर चालू लागले. अंधार नेहमीपेक्षा लांबला. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. मग महालाचं शेवटचं टोक वरच्या झालरीआड गेलं आणि बाई कंदील घेऊन पुढे झाल्या.

मध्यंतरात बाई रंग न पुसताच तरातरा विंगेत आल्या. उंच्या जरा आडोशाला सरकला. काका पाण्याचा पेला घेऊन स्टुलावर बसले होते.

"थरथरलं?"

"थरथरलं."

"मग?"

"सोडली दोरी. याने नेला महाल."

बाईंनी स्टुलाशेजारच्या पेटीवर बैठक मारली. "तालमीनंतर तुम्ही येऊन सांगितलंत, तेव्हापासून मला एकच धास्ती होती," त्या म्हणाल्या. "हा माणूस माझ्या विंगेत दोरी धरून मरेल, पण सोडणार नाही." त्यांनी काकांच्या हातातला पेला घेऊन उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं. "महाल यापुढे तुम्हा दोघांचा. पण आता समुद्र उतरवायचाय. तो कुणाचा?"

समुद्र म्हणजे नुसतं निळं कापड, महालापुढे अगदी हलकं. काकांनी बाही वर करून घड्याळाचं बटण दाबलं. काचेवरचा आकडा बघता बघता खाली आला, मर्यादेच्या पुष्कळ खाली, आणि तिथेच थांबला. त्यांनी घड्याळ बाईंपुढे धरलं. बाईंनी डोळे बारीक करून वाचलं आणि उठल्या.

"माझा," काका म्हणाले.

तिसरी घंटा झाली. प्रेक्षक जागेवर बसले, दिवे गेले. काकांनी बाही पुन्हा खाली ओढली आणि दोरी सैल केली. काळोखात कुणाला काही दिसण्याच्या आधीच समुद्र खाली उतरला होता.