पदवीवरचं कुंकू

आता दसऱ्याला पाटावर माझी एकटीचीच पुस्तकं असतात. पूजा पाच मिनिटांत आटोपते आणि मग दिवस सरता सरत नाही. म्हणून तो दसरा आठवतो.

आमच्या घरी दसऱ्याला पुस्तकं पुजायची रीत. शाळामास्तरच्या घरी दुसरी हत्यारं कुठली असणार? वडील होते तेव्हा त्यांची दौत आणि टाक पाटावर असायचे. पुढे वडील गेले, आईही गेली, आणि वर्ध्याजवळच्या देवळी गावातल्या त्या दोन खोल्यांत मी आणि माझ्याहून दहा वर्षांनी लहान भाऊ एवढेच उरलो. मी मुलींच्या शाळेत शिकवायचे. लग्नाचं म्हणाल तर, राहूनच गेलं. भाऊ बी.एस्सी. झाला तेव्हा त्याची पदवी मी मोठ्या कौतुकानं पाटावर ठेवली, हळद वाहिली, ओलं कुंकू लावलं. कुंकू पातळ झालं होतं. ते कागदावर पसरलं, आणि कुलगुरूंची सही आणि अर्धा शिक्का लालेलाल झाला.

भावाला पुढं शिकायला इंग्लंडला जायचं होतं. तिथल्या विद्यापीठाचं पत्र दसऱ्याआधी आठवडाभर येऊन पडलं होतं. त्यांना पदवीची खरी नक्कल हवी होती, कोणता विषय किती तास शिकवला त्याची यादी हवी होती, प्रयोगशाळेचे तास वेगळे, सगळ्यावर इथल्या विद्यापीठाचा शिक्का, आणि पाकीटही तिथूनच बंद होऊन जायला हवं होतं. त्याशिवाय इथली पदवी तिथं कोणी पदवी मानत नव्हतं. तासांच्या यादीपायी भाऊ दोनदा नागपूरला जाऊन आला. तिसऱ्यांदा पदवी घेऊन गेला, आणि परतला तो दारातूनच ओरडत.

"ताई, काय करून ठेवलं वं हे? कारकून म्हणते, सहीच दिसत नाई तं नक्कल खरी कशी म्हणू?"

"अरे, पूजा केली ना रे..."

"पूजा! खरं सांग, मुद्दाम केलं ना? मले जाऊच द्याचं नाई तुले!"

मीही काही कमी नाही. "लाज नाई वाटत बोलाले? कोनासाठी हाडाची काडं केली म्या?" तोंडाला येईल ते बोलले. खिडकीतून शेजारीण बघून राहिली होती, तिलाही दोन शब्द सुनावले.

मग आठ दिवस तो माझ्याशी बोललाच नाही. खाली मान घालून जेवायचा आणि आपलं ताट आपणच घासायचा. नवव्या दिवशी भिंतीकडे बघत म्हणाला, "रोहण्याच्या शाळेत मास्तरची जागा हाये. घेतो मी ते. शनवारी येत जाईन."

खोटं कशाला बोलू, ऐकून आधी माझा जीव भांड्यात पडला. मला काही करायचंच नव्हतं. नुसतं बसून राहायचं, कागदांची मुदत टळून जाईल, आणि दर शनिवारी त्याच्यासाठी झुणका-भाकर करायची.

पण शनिवारी येऊन तो भिंतीशीच बोलणार होता. तो घरात असताना ते आठ दिवस मी जेवढी एकटी होते, तेवढी आई गेली तेव्हाही नव्हते. त्यापेक्षा गेला तर पत्र तरी येईल, आणि पत्राच्या वरती 'ताई' तरी लिहील.

मी शाळेतून रजा काढली आणि त्याला न सांगता नागपूर गाठलं. कारकुनानं पदवी उजेडात धरून पाहिली. "दुसरी भेटते बाई. पन ज्याच्या हातानं खराब झाली, त्याचं प्रतिज्ञापत्र पाह्यजे. कशी झाली ते लिहून." मग हळूच म्हणाला, "आमच्या घरीही पुजतेत. पन कागद पेटीत ठेवतेत, अन् कुंकू पेटीले लावतेत."

एवढं मला सुचू नये? शाळेत पोरींना अक्कल शिकवत होते मी!

वर्ध्याच्या कचेरीत मॅजिस्ट्रेटसमोर उभी राहिले. अर्जनवीसानं माझ्या वतीनं लिहिलं होतं, 'नजरचुकीने व अजाणता'.

"शपथेवर खरं?" मॅजिस्ट्रेटनं विचारलं.

"खरं," मी म्हणाले आणि सही केली.

दुसरी पदवी आली, कोरीकरकरीत. पाकीट लाखेचा शिक्का मारून नागपूरहून परस्पर गेलं, आणि उन्हाळ्यात भावाला बोलावणं आलं. मला रडू फुटलं. त्याला ते आनंदाचं वाटलं.

वर्धा स्टेशनवर मुंबईच्या गाडीत तो बसला आणि खिडकीतून त्यानं माझा हात धरला. "ताई, त्या दिवशी लय बोललो मी तुले. चुकूनच झालतं ते, मले माहीत हाये. माफ करजो."

आता सांगते. पदवीच्या वरच्या अंगाला चार बोटं कोरी जागा होती. ती मला दिसली होती. कुंकवाचं बोट मी आधी तिथंच नेलं, आणि मग खाली सहीवर आणलं. का आणलं, ते त्या घडीला मला कळलं नव्हतं. मॅजिस्ट्रेटसमोर शपथ घेताना मात्र पक्कं कळलेलं होतं.

गाडी हलली. खरं सांगायला तेवढा वेळ होता. तो माझ्या तोंडाकडे बघून राहिला होता.

"जाऊ दे रे बाबा," मी म्हणाले. "केलं माफ."