गावाला असलेला मुलगा

मूल सांभाळायचं काम मिळवायचं तर आधी स्वतःचं मूल जिवंत असावं लागतं, हे मला माझं मूल गेल्यावर कळलं. सत्तरच्या आगेमागे आम्ही घाटकोपरला डोंगराच्या उतारावर एका खोलीत राहत होतो. नवऱ्याच्या भांडुपच्या कारखान्यात टाळेबंदी होती. तो दिवसभर गेटवर घोषणा द्यायचा आणि घरी आला की तोंड उघडायचा नाही. आमचा दहा महिन्यांचा मुलगा गोवरात गेला होता, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते.

पहिल्या घरी विचारलं, मुलं किती? मी खरं ते सांगितलं. त्या बाईने माझ्या मांडीवरचं तिचं बाळ उचललं आणि 'कळवते' म्हणाली. दुसऱ्या घरी म्हातारीने मला उंबऱ्याच्या आतही घेतलं नाही. लोकांचीही बाजू असते वगैरे आता सुचतं. तेव्हा त्या दारात थुंकावंसं वाटलं होतं.

आमच्या शेजारची काकी स्टेशनच्या पूर्वेला एका ब्लॉकमध्ये भांडी घासायची. तिथल्या बाई फोर्टात नोकरी करत, नवरा फिरतीवर, आणि मुलीला सांभाळायला कुणी हवं होतं. काकी मला घेऊन निघाली आणि पुलावर थांबून म्हणाली, "तुझो झील गावाक आसा, सासयेकडे, असा सांगितलंय मी. तू गप रव. पोर गेलेल्या आवशीक कोण आपला पोर देतला?"

मुलगा गावाला सासूकडे आहे, हे मनात घोकत मी त्या ब्लॉकवर पोचले. बाईंनी विचारलं, "केवढा आहे गं तुझा?"

"वर्षाचा होईल," मी म्हटलं. झालाच असता.

"मग माझ्या मुलीपेक्षा महिनाभरानेच मोठा," त्या म्हणाल्या आणि मुलगी माझ्याकडे दिली.

बाई मनाने चांगल्या होत्या, आणि तीच पंचाईत होती. दुसरी एखादी असती तर कामाशी काम ठेवलं असतं. या संध्याकाळी चप्पल काढता काढता विचारायच्या, दात आले का त्याला? सासूबाईंचं पत्र आलं का? थंडीत त्यांनी निळा स्वेटर विणून दिला, गावाला पाठव म्हणाल्या. तो मी ट्रंकेत तळाशी घालून ठेवला.

सुरुवातीला मी एका शब्दात उत्तर देऊन निघायची. मग सवय झाली. नंतर नंतर मला ते हवंसं वाटायला लागलं. घरी नवऱ्यासमोर मुलाचा विषय काढायची सोय नव्हती. काढला की तो उठून बाहेर जायचा. इथे मात्र रोज कुणीतरी त्याची चौकशी करत होतं. आज काय सांगायचं ते मी पूल चढता चढता ठरवायची. तो चालायला लागला. कोंबड्यांच्या मागे धावायला लागला. भात नको म्हणून रुसून बसला. बाई हसायच्या, मीही हसायची. वेड लागलं होतं म्हणा हवं तर, पण त्या वर्षात मला दुसरं सुख नव्हतं.

मग मुलीला गोवर आला. बाईंनी रजा काढली. पुरळ मावळलं तशी रजाही संपली. त्या सकाळी मी गेले तेव्हा त्या निघायच्या तयारीत होत्या, पदराला पिन लावत होत्या.

"आता उतार आहे," त्या म्हणाल्या. "जरा मलूल आहे एवढंच. रात्रभर रडली, आत्ता कुठे शांत झालीय. बाहेर नेऊ नकोस, वारा लागेल. तुझ्या मुलाला झालाय ना गोवर? तू काय केलं होतंस?"

मी पाळण्यात वाकले. मुलगी झोपलेली नव्हती. डोळे अर्धवट उघडे होते, नाकपुड्या फुलत होत्या आणि बरगड्यांखाली पोट भरभर उडत होतं. ते पोट मी ओळखत होते. बोलले तर काम जाणार, हेही मला त्याच क्षणी कळलं. नुसतं 'दवाखान्यात नेऊ या' म्हटलं असतं तर बाईंनी संध्याकाळवर ढकललं असतं.

"हेच केलं होतं," मी म्हटलं. "वारा लागू दिला नाही. शांत झाला म्हणून बरं वाटलं. दिवे लागायच्या आत तो मेला, बाई. हिला उचला."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. मी पाळण्यात हात घातला तर त्यांनी माझा हात झटकला आणि स्वतः तिला उचललं. टॅक्सीत मी पुढे बसले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात उतरलंय, अजून उशीर केला असतात तर कठीण होतं. मुलगी वाचली. त्या दिवसांत बाईंनी मला एकदाही तिच्या खाटेजवळ येऊ दिलं नाही.

ती घरी आली त्या दिवशी मी गेले. बाईंनी दार अर्धंच उघडलं. आतून जळलेल्या मीठ-मोहऱ्यांचा वास येत होता.

"तू बोललीस म्हणून ती वाचली," त्या म्हणाल्या. "ते मी विसरणार नाही. पण तू आता येऊ नकोस. मला भीती वाटते गं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं असंही वाटलं.

परत येताना पूल चढायला लागले आणि सवयीने मनात आलं, आज त्याने काय केलं म्हणून सांगायचं? तिथेच कठड्याला धरून मी रडले. तो गेला तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते. माणसं बाजूने जात होती, एकदोघांनी वळून पाहिलं.

घरी नवरा होता. एवढ्या लवकर कशी आलीस, त्याने विचारलं.

"आपला मुलगा गेला," मी म्हटलं.

"वर्ष झालं त्याला," तो म्हणाला, आणि बादली घेऊन नळावर गेला.