वास येतो, घेऊ नका

वसईजवळच्या पाचूबंदरच्या मासेविक्रेत्या फिलोमिना, म्हणजे सगळ्यांच्या फिलूबाय, २००७च्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका सोमवारी सकाळी राहत्या घरी वारल्या. वय पासष्टच्या पुढे होते. डॉक्टरांनी कारण हृदयविकार असे दिले. खाडीत येणाऱ्या ज्या तेलाशी त्या दहा-बारा वर्षे भांडल्या, त्या तेलाचा त्यांच्या मृत्यूशी संबंध असल्याचा पुरावा नाही आणि तसा दावाही कोणी केलेला नाही. बातमी फोनवर आली. फोन त्यांच्या भावजयीचा, रोजीचा होता. ती म्हणाली, "बाय गेली... तू पेपरात घाल." काय घालू, असे विचारल्यावर ती म्हणाली, "ती होती, ते घाल." मी बातमीदार आहे त्या वर्तमानपत्राच्या दुसऱ्या दिवशीच्या अंकात चार ओळी आल्या. जागा तेवढीच होती.

फिलूबाय सांडोरला आमच्या घरी मासे घेऊन यायच्या, तेव्हा मी शाळेत होतो. पाचूबंदरहून डोक्यावर टोपली घेऊन त्या चालत येत, ओट्यावर बसत आणि आधी पाणी मागत. व्यवहार पुष्कळदा पैशांवाचून व्हायचा. टोपलीतले मासे आमच्याकडे आणि वाडीतली केळी, वांगी, कधी पडवळ त्यांच्या टोपलीत. आई घासाघीस करायची. "फिलूबाय, हे बोईट म्हणायचे की निवट्यांची पोरं?" फिलूबाय हातातले केळे वर धरून म्हणायच्या, "वयनी, आधी ह्याला विचारा, हा केळा की मिरची? मग माज्या मावऱ्याला नाव ठेवा." त्यांचा नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही. मूल नव्हते. भाऊ डुमिंगच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत त्या राहायच्या. डुमिंगची बोट समुद्रात जायची. फिलूबाय मात्र खाडीतल्या मासळीवर जगायच्या, कारण ज्या घरांना बोट परवडत नव्हती आणि जी छोट्या मचव्यातून ही मासळी आणायची, त्या घरांतल्या बायांशी त्यांचे जन्माचे नाते होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर महामार्गालगत पत्र्याच्या शेड उभ्या राहू लागल्या. काही ठिकाणी तेलाचे आणि रसायनांचे टँकर आतून धुतले जात. काही ठिकाणी गॅरेजमधून गोळा केलेले जळके ऑइल उकळून, गाळून पुन्हा विकण्याजोगे केले जाई. धुण्याचे पाणी आणि खाली उरलेला काळा गाळ मागच्या नाल्यात जायचा आणि नाला खाडीला मिळायचा. आमच्या घरी हे कळले ते जेवणाच्या ताटावर. वडिलांनी बोइटाचा पहिला घास तोंडात घातला आणि आईला विचारले, "रॉकेल सांडलं होतं का?" दुसऱ्या सकाळी आईने फिलूबायला सांगितले. त्यांनी टोपलीतला एक बोईट उचलला, कल्ला उघडून नाकाशी धरला... आणि तो परत ठेवून टोपली झाकली. त्या दिवशी त्यांनी वाडीतले काही घेतले नाही. "उद्या समिंदराचं आनते," एवढेच म्हणाल्या.

बंदरावर हे सगळ्यांना ठाऊक होते, हे मला नंतर समजले. बाया बोईट चिंचेच्या कोळात बुडवून ठेवायच्या, हळद चोळायच्या, जास्तीचा लसूण घालायला गिऱ्हाइकाला सांगायच्या. वासाबद्दल कोणी बोलत नव्हते आणि त्याला कारण होते. पाचूबंदरची मोठी मासळी समुद्रातून यायची. तिला वास नव्हता. पण खाडीचा मासा खराब झाल्याचे एकदा बाहेर गेले की मुंबईचा व्यापारी खाडी आणि समुद्र वेगळे धरणार नव्हता. तक्रार करणे म्हणजे आपल्याच मासळीची बदनामी करणे. डुमिंगने बहिणीला हे स्पष्ट सांगितले होते. मी त्यांच्या पडवीत बसलो होतो.

"वसईच्या मावऱ्याला तेलाचा वास, असं एकदा छापून आलं का लिलावात माजी पाटी कोन उचलनार? तू?"

"मंग काय करू? तोंड शिवून बसू?"

"शिव. आमी सगळ्यांनी शिवलंय."

"तुज्या बोटीला समिंदर हाय रे, डुमिंग. खाडीवाल्यांना दुसरं पानी कुठलं?"

डुमिंग उठून गेला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, हे फिलूबायनीच मला जाताना सांगितले. त्यांना हवे होते ते एकच. खाडीच्या माशाला तेलाचा वास येतो, हे कोणीतरी सरकारी माणसाने स्वतः पाहावे आणि कागदावर लिहावे. ते एकदा लिहिले गेले की शेडवाल्यांना नाल्यात काही सोडता येणार नाही, असा त्यांचा विश्वास होता. तोपर्यंतच्या अर्जांवर उत्तर आले नव्हते.

एका सकाळी त्यांनी खाडीवरच्या बायांना गोळा केले आणि तेल लागून मेलेल्या बोइटांच्या टोपल्या घेऊन सगळ्या तहसील कचेरीत जाऊन बसल्या. कारकुनाने आधी खिडक्या उघडल्या. मग तो उठून आला.

"बाई, टोपल्या बाहेर ठेवा."

"भायेर ठेवल्या तर मांजर खाईल, साहेब."

"खाऊ दे की मग!"

"मांजर खात नाय. म्हनून तर तुमच्याकडं आनलं."

कचेरीतले लोक हसले. तहसीलदार साहेब मात्र आतून बाहेर आले आणि म्हणाले की मेलेल्या माशाला वास येणारच, तो पुरावा होत नाही. तेव्हा फिलूबाय म्हणाल्या की तुम्ही खाडीवर या, तुमच्यादेखत मासे काढू, आमच्या घरी रांधू, तुम्ही चाखा आणि मग लिहा. साहेबांनी संबंधित खात्याला कळवण्याचे कबूल केले. ते त्यांनी केलेही.

खात्याचे पथक आले तेव्हा मी बातमीदार म्हणून हजर होतो. सकाळी अधिकारी मचव्यातून खाडीत गेले, पाण्याची बाटली भरली, जाळ्यातले बोईट त्यांच्यासमोर निघाले. ते फिलूबायनी रोजीकडे पाठवले आणि स्वतः पथकाला नाला दाखवायला घेऊन गेल्या. रोजी ही बंदरावरची नावाजलेली रांधणारी. ईस्टरला, लग्नाला मोठी भांडी तिच्याच हाती असायची. दुपारी अधिकारी पाटावर बसले. फिलूबायनी वाढले आणि समोर उभ्या राहिल्या. पहिला घास घेतलेले अधिकारी मान हलवू लागले. दुसऱ्यांनी कालवण पुन्हा मागितले. तिसऱ्यांनी विचारले, "मसाला घरचा का?" फिलूबाय त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी चुलीजवळ जाऊन पातेल्यातला एक तुकडा तोंडात टाकला.

रोजीने मासे बदलले होते. खाडीचे बोईट तिने मागच्या दारी टाकले आणि अर्नाळ्याकडून सकाळी आलेले बिनवासाचे ताजे बोईट शेजारणीकडून उसने घेतले. तिला कोणी सांगितले नव्हते. शेडवाल्यांचा त्यात हात नव्हता, डुमिंगचाही नव्हता.

फिलूबाय परत येऊन म्हणाल्या, "साहेब, हे मावरं खाडीचं नाय."

अधिकारी हसले. "चव चांगली लागली, म्हणून खाडीचं नाही का?"

"नाय साहेब, बदललं. बदललं गेलं..."

"बाई, आता राहू द्या. अन्नाला नाव ठेवू नये."

रोजी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. फिलूबायनी तिच्याकडे बोट दाखवले नाही. अहवाल आला त्यात लिहिले होते की माशांना वास आढळला नाही आणि ते खाण्यास योग्य आहेत. तक्रार निकाली निघाली. माझ्या वर्तमानपत्रात तक्रार आणि अहवाल असे दोन्ही छापून आले. व्यापाऱ्यांनी त्यातली तक्रार वाचली. पुढचे काही दिवस पाचूबंदरच्या लिलावात भाव पडला, समुद्राच्या मासळीचासुद्धा. डुमिंगने बहिणीशी बोलणे सोडले. खाडीच्या बाया एकेक करून बाजूला झाल्या. बंदरावर फिलूबाय दिसल्या की कोणीतरी म्हणायचे, "आली तेलवाली, नाक धरा." त्या म्हणायच्या, "धरा, धरा. येतो ना वास?"

रोजीला त्यांनी त्या दिवसाबद्दल एकदाच विचारले. "का गं?" रोजी म्हणाली, "पावने होते, बाय. पावन्याच्या ताटात वास कसा वाढू?" काही महिन्यांनी मी विषय काढला तेव्हा फिलूबाय म्हणाल्या, "तिचं काय चुकलं? मी सांगायला पायजे होतं, का वासाचंच वाढ. पन असं कोन कोनाला सांगतं...?"

त्यानंतर त्या दर वर्षी एक अर्ज द्यायच्या. लिहून मी द्यायचो, मजकूर त्या सांगायच्या, आणि खाली सही म्हणून मोठ्या अक्षरांत फक्त 'फिलोमिना' लिहायच्या. धंदा त्यांनी सोडला नाही, पण करण्याची पद्धत बदलली. टोपलीत दोन भाग असायचे. दारात बसल्यावर त्या एका भागावर हात ठेवून म्हणायच्या, "हे समिंदराचं, घ्या." दुसऱ्या भागावर हात ठेवून म्हणायच्या, "हे खाडीचं. वास येतो, घेऊ नका." मग खाडीचे आणता कशाला, असे माझ्या आईने विचारले. "आनलं नाय तर तुमी इसरनार," त्या म्हणाल्या. न विकला जाणारा तो माल त्या रोज घरोघर फिरवून परत नेत. विरारकडच्या नव्या इमारतींत त्यांना यामुळे कोणी उभे करीत नसे. सांडोरमधलीही काही घरे सुटली. नवीन राहायला आलेल्या एका बाईंनी त्यांना सरळ विचारले होते, "तुम्ही विकायला आलात की भाषण द्यायला?" फिलूबाय म्हणाल्या, "दोनी. भाषन फुकट हाय."

जाण्याआधी दोन वर्षे त्यांना चालताना धाप लागू लागली. टोपली बंद झाली. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीतले कायमचे बंद असलेले दार रोजीने उघडून घेतले. डुमिंगने हरकत घेतली नाही. तो बोलत मात्र नव्हता, बहिणीच्या खाटेशी ताजे पापलेट ठेवून निघून जायचा. मी शेवटचा भेटलो तेव्हा उपवासकाळ नुकताच सुरू झाला होता. रोजी त्यांना पेज भरवत होती. बोलायला त्रास होत असल्यामुळे त्या तुटक बोलत होत्या. "अर्जाचं काय झालं?" उत्तर आलेले नाही, असे मी सांगितले. "साहेब येतील... आले का, काय वाढायचं ते रोजीला सांगू नको. तिला म्हाईत हाय." रोजी चमचा पुढे करून म्हणाली, "बाय, आधी गिळ." फिलूबायनी गिळले. अंत्यविधीला चर्चमध्ये गर्दी नव्हती. शेवटी डुमिंग कबरीशी उभा राहिला आणि बहिणीला मोठ्याने हाक मारली. त्यांच्यात अबोला सुरू झाल्यापासून त्याने तिचे नाव घेतलेले मी तेव्हाच ऐकले.

ईस्टर झाल्यावर, फिलूबायच्या शेवटच्या अर्जाला अनुसरून, पथक आले. या वेळी अधिकारी एकच होते, तेही नवे. त्यांच्यासोबत एक मदतनीस होता. रोजीने मला निरोप पाठवला. मी पोहोचलो तेव्हा ते खाडीवरून परतले होते आणि त्यांच्यासमोर निघालेले बोईट चुलीवर शिजत होते. अधिकाऱ्यांनी खाण्यास आधी नकार दिला. कामावर असताना काही घेत नाही, म्हणाले. रोजी म्हणाली, "जेवू नका, साहेब. चाखा." तिने झाकण काढले. अधिकाऱ्यांनी मागे वळून पाहिले आणि विचारले, "मावशी, स्टोव्ह गळतोय का?"

"स्टो नाय घरात. चूल हाय, बघा. लाकडं हाईत."

त्यांनी चूल पाहिली. एक तुकडा तोंडात घातला, उठून मागच्या दारी गेले आणि थुंकून परत आले. "तुम्ही हे खाता?"

"घरचे खातो," रोजी म्हणाली. "पावन्याला आज पयल्यांदा वाढलं."

अधिकाऱ्यांनी तिथेच बसून पंचनामा लिहिला. लिहून झाल्यावर रोजीने तो वाचून दाखवायला सांगितले. खाडीतून समक्ष काढलेल्या माशांना शिजवल्यावर खनिज तेलाचा उग्र वास व चव आढळली, असे त्यात होते. रोजीने ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. त्यांनी वाचले. मग त्यांनी अर्ज काढला, नाव पाहिले आणि तक्रारदाराला सहीसाठी बोलवा, असे सांगितले.

"ती वारली, साहेब. उपवासात."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवले. "मृत्यूचा दाखला आहे?"

दाखला अजून मिळाला नव्हता. दाखल्याशिवाय तसे लिहिता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. चुलीपाशी डुमिंग उभा होता. अधिकाऱ्यांनी पेन उचलले आणि पंचनाम्याची शेवटची ओळ लिहिली: तक्रारदार पंचनाम्याच्या वेळी गैरहजर.