पगारी हात

माझा दादा श्रीमंतांच्या घोळक्यात बसून हात वर करतो. हाच त्याचा धंदा. याला धंदा म्हणतात हे आमच्या आईला कधी पटलं नसतं आणि मलाही पटलेलं नाही. पण महिन्याच्या महिन्याला पगार येतो, म्हणून वहिनी गप्प बसते आणि बोलायचं काम माझ्या एकटीवर पडतं.

शहरात एक लिलावघर आहे. तिथे चित्रं, जुनी घड्याळं, नाणी असला माल विकला जातो. पुकारणारा आकडा सांगतो आणि हौशी मंडळी नंबराच्या पाट्या वर करतात. बोली रेंगाळली की तिसऱ्या रांगेतून दादाची पाटी वर जाते. मग कुणातरी शहाण्याला वाटतं, हा माणूस घेतोय म्हणजे वस्तूत काहीतरी असणार. तो चढतो, दादा त्याला आणखी चढवतो. लिलावघराच्या मालकाने चष्मा काढला की दादाने थांबायचं आणि वस्तू त्या शहाण्याच्या गळ्यात पडू द्यायची. दादाच्या खिशात त्या वेळी परतीच्या बसपुरते पैसे असतात.

पूर्वी तो नाटकात गर्दीतला माणूस व्हायचा. मालकाने त्याला तिथेच हेरला, कारण तोंडातून शब्द न काढता खानदानी दिसणं त्याला जमतं. कोट मी पुरवते. मी लाँड्रीत काउंटरवर असते, आणि तिथे धुवायला टाकून कधीच कुणी परत न्यायला न आलेले कोट पडून असतात. एकाच्या बाह्या आखूड करायच्या, एकाची कंबर सैल करायची. लिलावघरात मात्र समज असा, की या गृहस्थांकडे कोटांनी भरलेलं कपाटच आहे.

त्या जगातल्या लोकांना पैसा कुठे ठेवावा हे कळत नाही, एवढाच त्यांचा आजार. एका वर्षी न घातलेल्या बुटांची लाट आली. खोकं उघडलेलं नसेल तर भाव दुप्पट. मग खेळण्यातल्या मोटारी आल्या, त्याही पोरांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत. मग बाजाराच्या मासिकात कुणीतरी लिहिलं, की आता विस्मरणात गेलेले चित्रकार वर येणार. झालं, ज्यांना जिवंतपणी कुणी दारात उभं केलं नाही त्यांच्या विधवांचे पत्ते शोधत गाड्या फिरू लागल्या. त्याच मासिकाने दादाचा फोटो छापला आणि खाली लिहिलं, ‘चोखंदळ आणि मितभाषी संग्राहक’. मी म्हटलं, मितभाषी न राहून करतोस काय, तोंड उघडलंस तर पितळ उघडं पडेल. तो हसला, पण तो अंक काही त्याने रद्दीत टाकला नाही.

आणि त्या विस्मरणातल्यांच्या ढिगात आमचा भाडेकरू निघाला.

आम्ही लहान असताना मागच्या खोलीत तो राहायचा. त्याने आईचं एक चित्र काढलं होतं. आई दाराशी बसून वाटाणे सोलते आहे आणि रागाने समोर बघते आहे. राग अगदी खरा होता, कारण त्या पठ्ठ्याने पिण्याच्या पाण्याच्या पेल्यात ब्रश बुडवले होते. खोली सोडताना तो चित्र घेऊन गेला. आईला फोटोचा तिटकारा, कॅमेरा दिसला की ती आत पळायची. ती गेल्यावर घरात तिचा चेहरा म्हणून काहीच उरलं नाही. दादा आणि मी आठवायला बसायचो आणि तिच्या नाकावरून भांडायचो.

आता लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ते चित्र आलं होतं आणि खाली छापलं होतं, ‘स्त्रीच्या मनातली युगायुगांची वेदना’. मी ते वाचून खूप हसले आणि नंतर मला रडू आलं.

दादाने मालकाला विचारलं, हे आधीच मला विकाल का. मालक म्हणाला, कॅटलॉग छापून झालाय, पण असलं भिकार चित्र घेणार कोण, लिलावात सुरुवातीच्या किमतीलाच घेऊन जा. तेवढी शिल्लक दादाकडे होती. मी म्हटलं, मी जाते, लाँड्रीतल्या बाईकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. यावर त्याला राग आला. लिलाव हे त्याचं काम होतं, त्यातलं मला काय कळतं, असं तो म्हणाला. वर मला कोटाला इस्त्री करायला लावली.

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं. पुकारणाऱ्याने आकडा म्हटला आणि तो पुरता म्हणून होण्याआधीच दादाची पाटी वर गेली. एरवी तो कसा रमतगमत, कंटाळल्यासारखा हात उचलतो. आज त्याची घाई पाहून अख्खी रांग सावरून बसली. चोखंदळ संग्राहक इतका उतावीळ झालाय म्हणजे चित्रात नक्कीच घबाड आहे. एका फरशीच्या व्यापाऱ्याने पाटी वर केली, मग एका बाईने. दादा आणखी चढला. त्याला जितकं ते हवं होतं, तितकं ते सगळ्यांनाच हवंसं झालं. शिल्लक केव्हाच मागे पडली, वहिनीचे दागिने त्याने मनातल्या मनात मोडून पाहिले, आणि मग त्याचा हात खाली आला. चित्र फरशीवाल्याने नेलं.

बाहेर मालकाने त्याची पाठ थोपटली. “आज कमाल केलीत. इतका खरा अभिनय तुम्ही आजवर कधी केला नव्हता.”

दादाने त्याला सांगितलं, ती माझी आई आहे. मालक जरा विचारात पडला आणि म्हणाला, हे आधी सांगितलं असतंत तर कॅटलॉगमध्ये घातलं असतं, अशा गोष्टींनी भाव आणखी वाढतो.

मला पाठवलं असतं तर आई आज भिंतीवर असती, हे मी त्याला तोंडावर सुनावलं. माझ्या संतापाला काही सीमाच नव्हती.

फरशीवाल्याने चित्र भिंतीला लावलंच नाही. खोक्यात बंद करून भाव वाढायची वाट बघत ठेवलं. पुढच्या वर्षी मासिकाने जाहीर केलं, की घरकाम करणाऱ्या बायकांची चित्रं सध्या जोरात आहेत. लगेच आई पुन्हा लिलावाला आली. मालकाने दादाला निरोप पाठवला, तिसऱ्या रांगेत वेळेवर हजर राहा.

मला वाटलं, हा जाणार नाही. त्याने विचारलं, कुठला कोट तयार आहे.

त्या दिवशी मीही गेले. बोली लावायला नाही, नुसती आईला बघायला. शेवटच्या रांगेत बसून मी तिला डोळे भरून बघितलं आणि नाकाचं भांडण मनातल्या मनात मीच जिंकले. दादाने नेहमीसारखी रमतगमत पाटी वर केली, पुन्हा केली, व्यवस्थित बोली चढवली. मालकाने चष्मा काढल्यावर तो थांबला. चित्र कुठल्याशा कंपनीने घेतलं आणि हातमोजे घातलेले दोघं आईला उचलून आत घेऊन गेले.

बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला. मी ठरवलं होतं, याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. त्यानेच हळूच विचारलं, “आई कशी दिसत होती गं?”

मला कळेना. मी म्हटलं, तू तर माझ्यापेक्षा जवळ बसला होतास.

“माझं लक्ष मालकाच्या चष्म्याकडे होतं,” तो म्हणाला.

“रागावलेली,” मी म्हटलं. “तुझ्याकडेच बघत होती.”